टॉलहर्स्टची हनुवटी

इसिल्डा मॅकेन ती हनुवटी घेऊनच जन्माला आली. मधोमध खोल खळी, खालचा ओठ जरा पुढे. टेकडीवरच्या मोठ्या घरात, जेवणघराच्या भिंतीवर, उसाच्या मळ्यांचा जुना मालक टॉलहर्स्ट तैलरंगात उभा होता. त्याची हनुवटीही तशीच. तिच्या पणजीची आई त्याच्या स्वयंपाकघरात गुलाम होती. पुढचं गावाला कुणी सांगायला नको होतं, आणि इसिल्डाच्या घरात कुणी सांगतही नव्हतं. शाळेत पोरं ओरडायची, "मालकीणबाई आल्या, उठा रे!" ती दगड भिरकावायची.

पुढे ती त्याच घरात कामाला लागली. आमच्याकडे ऊस तोडायचा नसेल तर टेकडी चढायची, तिसरं काही नव्हतं. त्या चित्राची चौकट ती रोज पुसायची, वर चेहऱ्याकडे मात्र कधी पाहायची नाही. तिचे केस पिकले, घराचं हॉटेल झालं, आणि मी तिथे वाढपी म्हणून लागलो.

नवा मॅनेजर हेन्रिक्स राजधानीचा, किंग्स्टनचा. आल्या आल्या त्याची नजर चित्रावरून तिच्यावर आली.

"मिस इसी, उद्यापासून भांडी बंद. जेवणाच्या वेळी या चित्राखाली उभं राहायचं. पांढरा एप्रन, हातात रमचे पेले."

"आणि करायचं काय?"

"काही नाही. हसायचं."

ती उभी राहिली. पाय सुजले होते, ओट्याशी वाकण्यापेक्षा ते बरं होतं. पाहुणे एकदा वर बघत, एकदा खाली, आणि टाळ्या पिटत. एकाने तर बोटाने तिची हनुवटी उचलून पाहिली. आत येऊन ती मला म्हणाली, "बाजारात गाईचे दात बघतात ना, तसं रे." दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन उभी राहिली.

मग एकदा इंग्लंडहून खरेखुरे टॉलहर्स्ट आले. एक म्हातारी, तिचे मुलगे, सुना. जेवण झाल्यावर सगळे चित्राखाली ओळीने उभे राहिले आणि म्हातारीने आपला कॅमेरा इसिल्डाच्या हातात दिला.

"आमच्या कुटुंबाचा एक फोटो काढता का?"

इसिल्डाने कॅमेरा बघितला. तो माझ्या हातात कोंबला, एप्रन सारखा केला आणि म्हातारीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

म्हातारी हळूच म्हणाली, "नाही हो बाई, फक्त घरच्यांचा हवाय."

"म्हणूनच तर आले."

कुणी हसलं नाही. धाकट्या सुनेने नवऱ्याची बाही ओढली आणि ओळ मोडली. मी बटण दाबलंच नाही. दाबायला हवं होतं, असं इसिल्डा मला नंतर कितीदा तरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेन्रिक्सने तिला फाटकातूनच परत पाठवलं. आठवड्याभरात चित्राखाली तिची धाकटी बहीण वेर्ना उभी होती. तिची खळी तितकी खोल नव्हती, पण हेन्रिक्स म्हणाला, चालेल.

इसिल्डा बहिणीच्या दारात गेली. सगळी आळी ऐकत होती.

"आईने तुला याच्यासाठी पाजलं काय गं?"

"वा गं वा!" वेर्ना आतूनच ओरडली. "तू उभी राहिलीस तेव्हा ते पोटासाठी, मी उभी राहिले की लाज?"

इसिल्डा परत फिरली. मग तिठ्यावर बसून कोळशावर नीरफणस भाजून विकू लागली. चर्चमध्ये दोघी दोन टोकांच्या बाकांवर बसत. पाद्रीबुवांनी समजावून पाहिलं, तर "तुम्ही प्रार्थना सांगा," इसिल्डा म्हणाली.

वेर्नाला अर्धांगाचा झटका आला तेव्हा हॉटेलमधून कुणी फिरकलं नाही. इसिल्डाच रोज दुपारी कोंबडीचं सूप घेऊन जायची. बहिणीची मान हातावर तोलून चमच्याचमच्याने भरवायची, ओघळलेलं पुसायची, पातेलं घासून पालथं घालायची. वेर्ना काहीतरी बोलायचा प्रयत्न करी. तोंडातून नुसता घरघर आवाज येई.

"गिळ," इसिल्डा म्हणायची. वेर्ना गेली त्या दिवसापर्यंत तिने बहिणीशी दुसरा शब्द काढला नाही.