कुडाला सांगितलेली गोष्ट

आमच्या घराच्या तीन भिंती विटांच्या आहेत आणि एक कुडाची. डोंगरातलं जुनं गाव धरणात गेलं आणि तळोद्याच्या बाजूला सपाटीवर जागा मिळाली, तेव्हा बाने, म्हणजे माझ्या वडिलांनी, बांबू आणून ती भिंत स्वतः विणली आणि शेणामातीने लिंपली. विटेला ऐकू येत नाही, असं तो म्हणायचा.

मी घरातली पहिली पदवीधर. एम.ए.च्या प्रबंधासाठी मी हिब्रू आणि बाबिलोनी परंपरेतल्या महापुराच्या कथा घेतल्या होत्या. "तुमच्या घरातही पुराची कथा असेल, ती तिसरी म्हणून घे," असं सरांनी सुचवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. कथा होतीच. ती बाला त्याच्या आजाने दिली होती आणि आता ती फक्त त्यालाच येत होती.

मी श्रावणात घरी गेले.

"पावसात ती सांगत नाहीत, पोरी," बा म्हणाला. "पाणी ऐकतं. ऐकलं की त्याला आठवतं. दिवाळीनंतर ये."

"प्रबंध त्याआधी द्यायचाय, बा."

"मग तुझ्या सरांना सांग, पाऊस थांबवा."

याहा, माझी आई, चुलीपाशी हसली. मला हसू आलं नाही.

बाला पाझर फुटावा म्हणून मीच माझ्या दोन कथा आमच्या बोलीत सांगितल्या. हिब्रू कथेतला देव माणसं बिघडली म्हणून पूर आणतो, पण एका भल्या माणसाला नाव कशी बांधायची ते मापासकट सरळ सांगतो. बाबिलोनचे देव पुष्कळ. ते माणसांच्या गोंगाटाला कंटाळतात आणि माणसाला काही कळू द्यायचं नाही अशी शपथ घेतात. त्यातल्या एका देवाला एक माणूस वाचवायचा असतो, पण तो शपथ मोडत नाही. तो माणसाशी बोलतच नाही, त्याच्या घराच्या कुडाशी बोलतो. कुडाआड बसलेला माणूस ऐकतो आणि वाचतो.

"शहाणा देव," बा म्हणाला.

पाणी ओसरलं का ते बघायला दोन्हींत पक्षी सोडतात, कावळा, कबुतर, असं मी पुढे सांगितलं.

"कोंबडा नाही?"

"नाही."

"आमच्यात आहे," तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी रागातच पिशवी भरत होते. पत्र्यावर पाऊस वाजत होता. बा माझ्याकडे पाठ करून, कुडाकडे तोंड करून बसला होता आणि हळू आवाजात काही पुटपुटत होता. माझ्यावर चिडलाय असं मला वाटलं. बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

"बा, जीप आली. जाते मी."

तो वळला नाही. बोलणंही थांबवलं नाही. त्याने फक्त हात वर केला. मला वाटलं, जा म्हणतोय.

दिवाळीच्या आधी बा तापाने गेला.

दिवसकार्य झाल्यावर याहाने विचारलं, "ती गोष्ट लिहिलीस का?"

"सांगितलीच कुठे त्याने?"

"कुडाला सांगितली की. तूच ती युक्ती सांगितलीस ना त्याला? मला वाटलं, तू मागे बसून ऐकतेयस." मग म्हणाली, "जीप आली तेव्हा थांब म्हणून हात केला होता त्याने. मध्येच तोडायची नसते."

"तू ऐकलीस?"

"पत्रा वाजत होता. कोंबडा आरवला, एवढंच कळलं."

प्रबंध मी उशिरा दिला. सरांनी मुदत वाढवून घेतली होती. त्यात एक तक्ता आहे. हिब्रू आणि बाबिलोनी रकाने भरलेले आहेत: पूर कोणी आणला, कोणाला सांगितलं, कसं सांगितलं, पक्षी कोणते. आमच्या रकान्यात पक्ष्यापुढे 'कोंबडा' लिहिलंय. 'कसं सांगितलं' यापुढे 'कुडाला' असं मला लिहिता आलं असतं. मी ती जागा कोरी ठेवली.

घरी गेले की मी त्या कुडाला पाठ टेकून बसते. यंदा ती भिंत लिंपायला झाली आहे. याहा दोनदा म्हणाली, पण मी अजून भिंतीला हात लावू दिलेला नाही.