काळ्या खिडकीतला होकार

न वाचता तुम्ही शेवटचा होकार कोणत्या गोष्टीला दिला होता?

आमच्या ग्रंथालय बचाव समितीच्या संगणकावर ‘सिस्टीम ॲक्टिव्हेट करा’ ही सूचना बरेच दिवस कोपऱ्यात चिकटून बसली होती. काल आमची पत्रकं टाइप करणाऱ्या सुनंदाताईंनी ती घालवायला संगणकाला थेट हुकूम देण्याची काळी खिडकी उघडली, कुठल्याशा अनोळखी संकेतस्थळावरची लांबलचक ओळ तिथे चिकटवली आणि संगणकाने परवानगी मागताच ‘हो’ दाबलं. सूचना गेली. मी मात्र हादरलो. आम्हाला पाठिंबा देणाऱ्या सगळ्यांचे पत्ते, फोन नंबर त्याच संगणकात होते.

“ताई, काय होतं त्या ओळीत?”

“मला काय माहीत! सगळे असंच करतात.”

“न वाचता हो म्हणालात?”

त्या हसल्या. “अहो नेते, परवा बाजारात लोक भाजीची पिशवी सांभाळत तुमच्या कागदावर सह्या करत होते. त्यातल्या किती जणांनी तुमचं पत्रक वाचलं?”

एकानेही नाही. मला ते दिसत होतं, तरी मी पेन पुढे करत होतो.

काळ्या खिडकीतली पांढरी रेघ अजून लुकलुकत होती, कुणाच्याही पुढच्या हुकमाची वाट पाहत.

शनिवारी मी पुन्हा बाजारात उभा असेन. पिशवी खाली ठेवा, पत्रक शेवटपर्यंत वाचा, आणि मगच माझ्या हातातलं पेन घ्या.