कळ आली की पाखरू

धुळ्याहून फोन आला की मी हॅलो म्हणत नाही. "आबांचा पाय कसा शे?" हेच म्हणतो. त्या सकाळीही तेच म्हटलं. हातात वांगं, पुढ्यात काड्यांचा जाळ, फोन कानाखांद्यात दाबलेला. पलीकडे मोठी अक्का, म्हणजे माझ्या बायकोची बहीण. म्हणाली, "पाय चांगला शे, भाऊ… आबा ग्यात." झोपेतच गेले. हृदय बंद पडलं. आणि मी असला येडा, की माझ्या तोंडून निघालं, "पण पाय तर चांगला होता ना?"

आबा माझे साडू. सासऱ्यानं दोन पोरी दिल्या, पण जावई मिळाला एकच. मी म्हणजे भाजीवर फुकट आलेली कोथिंबीर. आबांनी सारी उमर आग्रा रोडवर ट्रक चालवला, मी मेहरूणला तलावाजवळ भरीत विकतो. शाळेत म्हणाल तर मी फक्त खिचडीपुरता गेलो. हे सुद्धा मी बोलतोय आणि पोरगी लिहितेय, मधेमधे डोळे पुसत. ट्रक सोडल्यावर आबा आमच्याकडे यायचे, आठ-आठ दिवस राहायचे, आणि रोज सकाळी आम्ही दोघं तलावाला चक्कर मारायचो. आबा थोडं चालले की थांबायचे. पाण्याकडे बोट करून विचारायचे, "ते कोनतं पाखरू शे रे भो?" मला कावळा सोडून काही ओळखू येत नाही. पण मोठा साडू विचारतोय, नाही कसं म्हणायचं? मी नावं ठोकून द्यायचो. एका पायावर नुसता उभा असेल तो सरकारी बगळा. सारखं किरकिरतं ते तळ्याची मावशी. आबा गंभीरपणे मान हलवायचे, आणि मी घरी येऊन बायकोला सांगायचो, तुझ्या दाजींना पाखरांचा भारी नाद लागलाय.

एक दिवस ते निंबाला धरून उभे राहिले. कपाळावर घाम. मी आपलं आभाळ, पाणी, फांद्या सगळं धुंडाळलं. म्हटलं, "आबा, पाखरू कुठंय?" ते म्हणाले, "पाखरू कुठलं रे… पाय शे. पोटरीत आग व्हस, मग पाऊल उचलत नही." इतके दिवस कळ यायची तेव्हा ते पाखरू विचारायचे. आणि मी तिथं उभा राहून बारसं करायचो.

घरी येऊन चप्पल काढली तर अंगठ्याला काळपट जखम, कधीची भरत नव्हती. धुळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. तिथं आधी कार्डिओग्राम. मी सिस्टरला म्हटलं, "ताई, पत्ता चुकला. दुखतो पाय, आणि वायरी छातीला?" तिनं हातापायांना रंगीत चिमटे लावले आणि म्हणाली, हलायचं नाही. आता जन्मभर ट्रक चालवलेल्या माणसाला चिमटे लावलेले बघून मला कुठं राहवतंय? म्हटलं, "आबा, बॅटरी उतरली का? धक्का मारू?" आबा असे हसले की मशिनच्या कागदी पट्टीवर सगळा सातपुडा उमटला. सिस्टरनं मला बाहेर काढलं आणि पट्टी नव्यानं काढली. बिघडलेली मी खिशात टाकली.

डॉक्टरांनी पट्टी बघितली, मग पट्टा घोट्याला बांधून पायाचं प्रेशर घेतलं. हातापेक्षा खूप कमी. म्हणाले, "शेतात ठिबक असतं ना? शेवटच्या झाडाला पाणी पोचलं नाही तर काय बघता?" मी म्हटलं, "झाड उपटतो!" आबा हळूच म्हणाले, "नळी. आत क्षार बसस." डॉक्टर म्हणाले, "तेच. पायाच्या रक्तनळीत तसंच झालंय. नुसत्या पट्टीवर पाय कळत नाही. पण हृदयावर ताण दिसतोय. क्षार एकाच नळीत बसत नाही, बाबा." बिडी बंद. गोळ्या. जखम जपा, नाहीतर पाय काढावा लागेल. आणि रोज चाला, कळ आली की थांबा, गेली की परत चाला.

बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "माले लोकांच्या खांदावर एकदाच जानं शे. रोज नही." म्हणून मग आमचा पाखरांचा धंदा परत सुरू झाला, आता डॉक्टरच्या सांगण्यावरून. बिडी सुटली. अंगठा भरला. कळ उशिरा यायला लागली, आणि माझ्याकडची नावं संपत आली. मी पायावर पहारा देत बसलो… आणि चोर छातीतून गेला. डॉक्टरनं तर सांगितलं होतं. पण पाय दिसतो हो, छाती कुठं दिसते?

खांदा मीही दिला. वाटेत विसाव्याला तिरडी खाली ठेवली, रीतच आहे. सगळे थांबले. मी सवयीनं वर बघितलं. तारेवर काहीतरी बसलं होतं. नाव सुचलं नाही.

ती हसरी पट्टी मी दुकानात चुलीमागं चिकटवून ठेवली होती. जाळाच्या धगीनं पार काळी पडली. आबांचं हसूसुद्धा मी भाजून ठेवलं, असला मी.

परवा तलावावर त्या निंबापाशी थांबलो होतो. ओळखीचा एक फिरायला आलेला, म्हणाला, "काय भो, पाय दुखतो का?"

पाय माझे ठणठणीत आहेत. म्हटलं, "नही रे… पाखरू बघतो."