उभ्या घोड्या

जपानमधल्या फुकुयामात, कोतो या तंतुवाद्याच्या कारखान्यात तोकिए हामासाकीनं सारा जन्म काढला. माणसापेक्षा लांब अशा किरीच्या लाकडावर तेरा तारा ताणून बांधणं, हे तिचं काम. ती कामाला लागली तेव्हा लेकीला सासरी पाठवताना कोतो देत. वसंतातल्या लग्नांआधी जेवायला फुरसत नसे. पुढे मागणी आटली, शाळांपुरती उरली. रेशमी तारा गेल्या, नायलॉनसारख्या आल्या. तिचं पालुपद मात्र तेच. "वाजवून झालं की तारांखालच्या घोड्या उतरवा. त्या चिकटवलेल्या नसतात, तारेच्या दाबावर उभ्या असतात. तशाच ठेवल्यात तर लाकूड खचेल."

आणि तिच्याच घरी, मागच्या खोलीत, एका कोतोवर अकरा वर्षं घोड्या उभ्या होत्या.

कोतो सानाएचा, तिच्या एकुलत्या लेकीचा; तारा अजून जुन्या, रेशमी. त्या दिवशी सूर लावून ती वाजवायला बसणार, तोच तोकिएनं स्वयंपाकघरातून हाक मारली, "अगं, सोया सॉस संपलाय, पटकन आण बघू."

"तुझं नेहमी आत्ताच संपतं! आलेच. घोड्यांना हात लावू नकोस हं आई, मोठ्या मुश्किलीनं सूर लागलाय."

सायकल घेऊन गेली. वळणावर ट्रक होता.

तेव्हापासून तोकिए तारांमधली धूळ मऊ ब्रशनं, श्वास रोखून झाडायची. वाजवायची कधीच नाही.

यंदा ऑगस्टच्या उकाड्यात भरदुपारी एक रेशमी तार तुटली आणि तिची घोडी कलंडली. तोकिएनं मासुनागांना बोलावलं. कारखान्यात दोघांनी एकाच बाकावर बसून तारा ओढल्या होत्या.

"गिऱ्हाइकांना दम भरणारी बाई ती हीच ना?" दारातूनच ते हसले. मग त्यांना कोपऱ्यातला सानाएचा फोटो दिसला. पुढचा वेळ ते लाकडाला डोळा लावूनच बसले.

"तोकिए, फळी खचतेय. आणखी एक पावसाळा, की चीर जाईल."

"घोड्या काढल्या तर तिचा सूर जाईल."

"वाजवून पाहिलास?"

"काहीतरीच काय!"

"वाजव तरी."

तिनं एक तार छेडली. आवाज ढिला, बसका. दुसरी त्याहून वाईट. रेशीम आपोआप सैल पडतं, हे तिनंच आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं. सूर पहिल्याच पावसाळ्यात गेला असणार. ती नुसत्या घोड्या राखत बसली होती.

"मी लावून देऊ?" मासुनागांनी हळूच विचारलं.

"नको. तो तुमचा होईल."

तिनं एका बोटानं तार उचलली आणि घोडी बाहेर काढली. मग पुढची. प्रत्येकीच्या पायांखाली लाकडात दोन बारीक खळगे पडले होते.

"रंधा मारून वरून तापलं लोखंड फिरवलं की खळगे..." सवयीनं मासुनागा बोलून गेले, आणि मग घोड्यांची पेटी तिच्यापुढे सरकवली.

घोड्या पेटीत गेल्या. शेवटची तिनं मुठीत धरून ठेवली.

"एक दिवस सॉसवाचून चाललं असतं गं," ती म्हणाली.