नळाखालचा शेवटचा खड्डा

बीडकडच्या बालाघाटाच्या डोंगरात सीताफळं पिकली की माझी बॅग आपोआप भरली जाते. यंदा मात्र सुनंदाने फोनवरच अट घातली. "ये, पण फावडं हातात धरायची तयारी असंल तरच ये." अंबाजोगाईला होस्टेलवर आम्ही दोघी एका खोलीत होतो. तेव्हाही झाडू ती धरायची आणि बादल्या मला उचलायला लावायची. आता ती सासरच्या वाडीत पाणी समितीवर आहे. वाद घालण्यात अर्थ नव्हता.

तुम्ही जाणार असाल तर पुण्याहून बीडला एसटीने सहा-सात तास धरा, बायकांना अर्धं तिकीट. पुढे वडवणी, तेलगाव करत धारूर. घाट अरुंद आहे. समोरून ट्रक आला की कुणाला तरी मागे जावं लागतं, आणि कुणी जायचं यावर सविस्तर चर्चा होते. रस्त्याकडेला पाट्या घेऊन बसलेल्या बायकांकडून डोळे उघडलेली सीताफळं घ्या, दोन दिवसांत पिकतात. धारूरच्या किल्ल्यासाठी अर्धा दिवस ठेवा. मला तो मिळाला नाही, कारण सुनंदा स्टँडवर स्कूटी चालू ठेवूनच उभी होती.

वाडीत आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं. जोर कमी, म्हणून प्रत्येकाने दारात खड्डा खणून नळाचं तोंड जमिनीखाली नेलेलं. नळ जितका खाली, तितकं पाणी आधी. शेजाऱ्याने खड्डा केला की आपला त्याहून हातभर खोल. पाणी बंद झालं की खड्ड्यातला चिखल आणि धुण्याभांड्याचं पाणी उघड्या नळातून पाइपात ओढलं जातं आणि पुढच्या पाळीला सगळ्यांच्या हंड्यात येतं. गेल्या पावसाळ्यात सुनंदाच्या मुलीला कावीळ झाली. पोर महिनाभर अंथरुणात होती. तेव्हापासून सुनंदा दारोदार फिरून खड्डे बुजवते आणि धारूरचे प्लंबर रफिकभाई नळ वर उचलून तोट्या बसवतात.

एक सोडून सगळे बुजले होते. उरलेला तिच्या चुलत सासऱ्यांचा, दादारावांचा. पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होतं, आणि एक खड्डा जरी उघडा राहिला तरी सगळी लाइन घाण होणार होती.

दुपारी भाकरी-पिठलं खाऊन सुनंदा, रफिकभाई आणि मी निघालो. दादाराव ओट्यावर बसले होते. त्या घरातल्या सुना त्या ओट्यासमोर उभ्या राहत नाहीत. सुनंदा डोक्यावर पदर घेऊन, हातात फावडं धरून उभी राहिली.

"मामा, तुमचा खड्डा बुजवायचा हाय आज."

"का म्हून? तुझा सासरा बी माझ्यापुढं असं बोलला न्हाई."

"बोलायला पायजे व्हतं. पोरीचे हाल झाले न्हसते."

दादारावांनी मोर्चा माझ्याकडे वळवला. "ह्या कोण?"

"पुण्याची मैत्रीण."

"पुण्यात खड्डे न्हाईत व्हय?"

रफिकभाई हसू दाबत म्हणाले, "दादा, समद्यांचे बंद झाले. आता पाण्याला जोर ऱ्हाईल."

"अन् नळ वर घेऊन न्हाई चढलं पाणी, तर?"

"तर पुढल्या पाळीपतूर रोज दोन घागरी मी आणून घालीन, हिरीवरनं," सुनंदा म्हणाली.

दादाराव उठले आणि आत गेले. नाही म्हणाले नव्हते, एवढं आम्हाला पुरेसं होतं. सुनंदाने पहिलं फावडं मारलं. माझ्या तळहातांना तासाभरात फोड आले.

सकाळी पाणी आलं. दादारावांच्या नव्या नळातून आधी नुसती हवा, मग अंगठ्याएवढी धार. "चढलं की रं," ते रफिकभाईंना म्हणाले. "लई न्हाई, पण हाय." सुनंदाचं घर लाइनीच्या शेवटाला, चढावर. तिथे थेंब थेंबच पडलं. ती घागर घेऊन दादारावांच्या नळावर आली, तेव्हा त्यांनी स्वतःचा हंडा बाजूला ओढून तिला जागा दिली. मला फार बरं वाटलं.

तिथेच तिने तपासणीच्या दोन बाटल्या भरल्या. आत औषध असतं, पाणी घाण असेल तर दोन दिवसांत काळं पडतं. एक माझ्या हातात दिली. "गावात धा तोंडं, धा गोष्टी. एक बाटली गावाभायेर असू दे, साक्षीला."

पुण्यात ती बाटली मी स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली आणि घरच्यांना हात लावू दिला नाही. इतकी वर्षं मी प्रवासलेखांत किल्ल्यांचे चढ आणि जेवणाच्या जागा लिहीत आले. तिथली माणसं कसलं पाणी पितात, हे एकदाही विचारलं नव्हतं, आणि त्याची मला आता लाज वाटते. तिसऱ्या दिवशीही पाणी काळं पडलं नाही. मला रडू आलं. लगेच सुनंदाला फोन लावला. तिचीही बाटली तशीच होती.

"आता मोटारी," ती म्हणाली. "लाइनीला मोटार लावून पाणी ओढतेत लोक. शेवटाला पोचंल कुठून?"

"पहिली कुणाची काढणार?"

"माझीच. माझ्या नळाला बी व्हती. तू आलतीस म्हणून त्या सकाळी लावली न्हाई, लाज वाटली. काल काढली अन् मामांच्या ओट्यावर नेऊन ठिवली. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे."