गाण्यातलं गाळलेलं कडवं

जालना जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा मी प्रभारी होतो, तेव्हाची ही घटना. निवृत्तीनंतरही ती डोक्यातून गेलेली नाही.

एका दुपारी हातभट्टीवाला म्हणून आमच्या रेकॉर्डवर असलेला इसम स्वतःच तक्रार घेऊन आला. गावातल्या बायकांनी त्याच्यावर रचलेल्या गाण्याची चित्रफीत मोबाइलवर फिरत होती आणि तिच्यापायी त्याच्या मुलीची ठरत आलेली सोयरीक मोडली होती.

"गाणं रचणारीला आत टाका, साहेब. बिलकुल सोडू नका."

मी अदखलपात्र नोंद घेतली आणि चित्रफीत पाहिली. हळदीच्या मांडवात दहा-बारा बायका गात होत्या. भट्टी कुठल्या ओढ्याला, रसायनाचे बॅरल कुठल्या विहिरीमागे, सगळं त्यात होतं. त्याच जागी आम्ही तीनदा छापे घातले होते आणि तिन्ही वेळा हात हलवत परतलो होतो. गावातल्या एकाही बाईनं जबाब दिला नव्हता.

गाणं रचणारी गावोगाव बांगड्या विकणारी एक मुस्लिम बाई निघाली. वय पन्नाशीच्या पुढं. महिला शिपायासमक्ष मी तिला विचारलं, "एवढी माहिती तुम्हाला कुठून मिळाली?"

"बांगड्या भरताना बाई हात देती, साहेब. मंग बोलती बी. कुणाचं मनगट सुजल्यालं, कुणाचं पिरगाळल्यालं. एकटी बोलली तर मार खाती. समद्या मिळून गायल्या तर कुणाकुणाला मारतील?"

चित्रफीत चौथ्या कडव्याच्या तोंडाशीच तुटली होती. पुढचं काय, असं मी विचारलं. ती पदर सावरत उठायला लागली.

"तुमच्यावर गुन्हा दाखल करायचा नाही. म्हणा."

"तुमाला बरं वाटणार न्हाई, साहेब. म्हणून तर कापलं."

मी पुन्हा म्हणायला सांगितलं. तिनं चाल न लावता नुसते शब्द म्हटले:

पोलिसाची गाडी बाई फाट्यावर थांबती,
तिच्याआधी खबर तिची भट्टीपाशी पोचती.

मला राग आला. तिचा आला की माझ्या ठाण्याचा, हे तेव्हा ठरवता आलं नाही.

पुढच्या छाप्याला गाडी निघाल्यावरच मी गावाचं नाव सांगितलं आणि त्याआधी सगळ्यांचे मोबाइल काढून घेतले. त्या दिवशी बॅरल जागेवर सापडले आणि तक्रारदारच आरोपी झाला. चौकशीत तो दोन दिवस दाद देईना. मग त्याच्या फोनचे तपशील समोर ठेवले. आधीच्या प्रत्येक छाप्यापूर्वी एकाच क्रमांकावरून फोन आला होता. तो क्रमांक माझ्या सर्वांत भरवशाच्या हवालदाराचा होता. अहवाल मीच वरिष्ठांकडे पाठवला. हवालदार निलंबित झाले.

गाणं तोवर शेजारच्या गावांत पोचलं होतं. तिथल्या बायकांनी त्यात आपापले ओढे, आपापल्या विहिरी घातल्या. ग्रामसभेला कधी न फिरकणाऱ्या बायका घोळक्यानं जाऊन भट्ट्या बंद करण्याचे ठराव करून घेऊ लागल्या. चौथं कडवं मात्र कुणी गाळलं नाही.

'साक्षीदार सहकार्य करीत नाहीत' हे वाक्य मी नोकरीत शेकडो वेळा लिहिलं. त्या प्रकरणानंतर ते लिहिताना हात अडखळायचा. पुढं जिथं जिथं बदली झाली, तिथं हजर झाल्यावर महिला शिपायांना माझा पहिला प्रश्न असायचा, "इकडं बायका हळदीला काय गातात?"