लव्हाळा

आमच्या गोल्फ कोर्सवर नवी हिरवळ लावायला निफाडकडचे एक काका येतात. आधी जन्मभर द्राक्षबागेत राबलेले. खळ्यात शिरताना काढावी तशी ते हिरवळीच्या कडेला चप्पल काढतात आणि डोळे अर्धे मिटून अनवाणी फिरतात. "इथं पाणी मुरत नाय, साहेब," असं तळपायालाच विचारून सांगतात. मी ऑफिसातला साधा कारकून, पण त्यांच्या लेखी साहेबच.

खालच्या उतारावर पाखरांसाठी पाणथळ जागा केली, तेव्हा काठाला लव्हाळा लावायचा ठरला. सकाळी मजुरांनी रोपांच्या रांगा लावल्या. दुपारी बघतो तर काठ मोकळा, आणि उपटलेल्या ढिगापाशी काका सुन्न बसलेले.

"बागेत लय वर्सं हेच तण काढलं हो. हातानं मला इचारलंच नाय."

मग एकेक रोप त्यांनी स्वतः परत लावलं.

आता तिथं धुक्यात बगळे उतरतात, लव्हाळा कमरेएवढा डुलतो. काका रोज सकाळी काठाशी हात मागे बांधून उभे असतात, हरवल्यासारखे. परवा मागून गेलो तेव्हा दिसलं: उजवं मनगट त्यांनी डाव्या हातानं घट्ट धरून ठेवलं होतं.